बीदरचा मिनार आणि आमच्या छतावरची छत्री

मागच्या डिसेंबरात शाळेची सहल बीदरला नेली. पहाटे बीडहून निघालेली गाडी लातूर, उदगीर मागे टाकत दुपारी बीदरला पोचली. किल्ला पाहून झाला, डबे उघडून झाले आणि मग आम्ही महमूद गावानच्या मदरशात गेलो. दर्शनी भिंतीवर निळ्या-हिरव्या फरशांचे जे काही तुकडे उरले आहेत ते पाहून मुले गप्प झाली. नववीच्या एका मुलीचे लक्ष मात्र वर होते. तिने विचारले, "सर, मिनार एकच का? दुसरा बांधायचा राहिला का?"

राहिला नव्हता. दोन्ही मिनार होते. एक विजेने पाडला.

तिला तेवढे उत्तर देऊन मी पुढे गेलो, पण परतीच्या प्रवासात तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण वीज आणि उंच वस्तू यांचा हिशेब माझ्या स्वतःच्या घरात एकदा चुकलेला होता. तो किस्सा पुढे सांगतो. आधी मिनाराची गोष्ट.

महमूद गावान मूळचा इराणमधल्या गिलानचा. व्यापाराच्या निमित्ताने दख्खनमध्ये आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. १४७२ मध्ये, म्हणजे हिजरी ८७७ मध्ये, त्याने बीदरला हा मदरसा उभा केला. तीन मजले, मधोमध मोठे अंगण, उस्तादांच्या आणि विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या खोल्या, हस्तलिखितांचा मोठा संग्रह आणि दर्शनी बाजूच्या दोन टोकांना दोन उंच मिनार. खोट्या पत्राच्या कारस्थानात सापडून १४८१ मध्ये या वजिराला सुलतानाच्या हुकमाने जीव गमवावा लागला. पुढे बहमनी राज्यही गेले, बरीदशाही आली आणि गेली, आदिलशाही आली, मग मुघल आले. मदरसा या सगळ्यांतून उभा राहिला. १६९६ च्या सुमारास त्याच्यावर वीज पडली. एक मिनार, त्याच्या लगतचा दर्शनी भाग आणि आतल्या कितीतरी खोल्या कोसळल्या. मुघल फौजेने आत दारूगोळा साठवला होता आणि विजेने तो पेटला, असेही काही नोंदी सांगतात. ते खरे असेल तर जिथे किताबे होती तिथे बारूद ठेवल्याची ती किंमत म्हणायची. पण बारूद असो वा नसो, सुरुवात झाली ती विजेपासून.

बीदर हे एकटे उदाहरण नाही. हैदराबादचा चारमिनार १५९१ चा. मुघल सुभेदारीच्या काळात त्याच्या चारपैकी एक मिनार वीज पडून ढासळला आणि तो पुन्हा उभा करायला साठ हजार रुपये लागले, अशी नोंद आहे. त्या काळचे साठ हजार! दिल्लीच्या कुतुबमिनारावर चौदाव्या शतकात वीज पडली. १३६८ मध्ये फिरोजशाह तुघलकाने वरचा भाग दुरुस्त करून घेतला आणि आज दिसणारे वरचे मजले त्यातूनच आले. पुढे १५०३ मध्ये सिकंदर लोदीलाही पुन्हा डागडुजी करावी लागली.

या सगळ्या इमारतींचे कारागीर कच्चे नव्हते. चुना किती दिवस भिजवायचा, कमानीचे वजन कुठून कुठे न्यायचे, याचे ज्ञान त्यांना आजच्या ठेकेदारापेक्षा जास्त होते. कमी होती ती एकच गोष्ट, आणि ती तेव्हा जगात कोणालाच ठाऊक नव्हती. विजेला वरून खाली जमिनीत जायला वाट लागते. वाट दिली नाही तर ती स्वतः वाट करते. दगड, वीट आणि चुना यांतून वीज सहज वाहत नाही. पण बांधकामात थोडी ओल मुरलेली असतेच. विजेचा प्रवाह त्या ओलीतून घुसला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती वाफ भिंत आतून फोडते. चिरा उडतो तो त्यामुळे. शेतातल्या लिंबाच्या झाडावर वीज पडली की बुंध्याची साल उभी सोललेली दिसते, तिचेही कारण हेच.

ही वाट कशी द्यायची ते अठराव्या शतकात कळले. अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिनने कल्पना मांडली आणि मे १७५२ मध्ये फ्रान्समधल्या मार्ली या गावी उंच लोखंडी कांब उभी करून तिच्यातून ढगांतली वीज उतरवून दाखवण्यात आली. आपल्या शाळेच्या पुस्तकात ज्याला तडितरक्षक म्हणतात आणि तहसीलच्या कागदांत वीज अटकाव यंत्र म्हणतात, ते हेच. वर टोकदार कांब, खाली जमिनीत पुरलेला धातू आणि दोन्हींना जोडणारी सलग जाड पट्टी. तिन्ही मिळून एक वस्तू होते. यातला एक भाग गाळला तर उरलेले दोन कामाचे राहत नाहीत, उलट घातक ठरू शकतात.

याचा पुरावा फार लवकर मिळाला. रशियात सेंट पीटर्सबर्गला जॉर्ज रिचमन नावाचा शास्त्रज्ञ होता. त्याने घराच्या छपरावर कांब लावली आणि तिची तार खोलीत आणली. वीज मोजता यावी म्हणून ती तार त्याने मुद्दाम जमिनीला जोडली नव्हती. १७५३ च्या उन्हाळ्यात वादळ आले, तो उपकरण पाहायला जवळ गेला आणि तारेच्या टोकाकडून निघालेल्या ठिणगीने जागीच मेला. कांब होती, तार होती, जमीन नव्हती. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे आपल्या छतावर गेल्यावर ते पुन्हा लागणार आहे.

युरोपातल्या धर्मगुरूंपैकी अनेकांना ही कांब म्हणजे देवाच्या कामात ढवळाढवळ वाटली. वादळ आले की चर्चची घंटा वाजवायची, म्हणजे वीज टळते, असा तिकडचा जुना समज होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या एका जर्मन पुस्तकात हिशेब दिला आहे: ३३ वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि घंटेचा दोर ओढणारी १०३ माणसे मेली. १७६९ मध्ये इटलीतल्या ब्रेशा शहरात दारूगोळा साठवून ठेवला होता. वीज पडली आणि शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. बीदरचीच गोष्ट, फक्त मजहब वेगळा.

हे सगळे दूर देशीचे वाटत असेल तर मुंबईला या. १८३८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने हिंदुस्थानातल्या दारूगोळ्याच्या कोठारांवरून आणि सरकारी इमारतींवरून वीजरोधक काढून टाकायचा हुकूम काढला. कंपनीच्याच शास्त्रीय सल्लागारांनी सांगितले होते की या कांबीपासून फायद्यापेक्षा धोका जास्त, ती विजेला बोलावणे धाडते. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांना वीजरोधक बसवणारा विल्यम स्नो हॅरिस याने पुढे काय झाले ते लिहून ठेवले आहे. कलकत्त्याजवळच्या डमडमचे कोठार आणि मुंबईतल्या माझगावचा दारूचा कारखाना, दोन्हींवर वीजरोधक नव्हते, दोन्हींवर वीज पडली आणि दोन्ही उडाले. विजेला वाट देण्याचे ज्ञान आता जगाला होते. बीदरच्या कारागिरांना ते नव्हते म्हणून त्यांना दोष देता येत नाही. माझगावला मात्र ते हातात येऊन टाकून दिले गेले.

आता आपल्या भागात येऊ.

१९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादला १९३५ पासून निजाम सरकारचे रेडिओ केंद्र होते. पुढे औरंगाबादलाही केंद्र झाले आणि १९५० मध्ये ही दोन्ही केंद्रे आकाशवाणीत आली. आमच्या दादांकडे लाकडी पेटीचा, व्हॉल्वचा रेडिओ होता. मी पाहिला तेव्हा तो बंद पडून अम्मीच्या शिलाई मशीनशेजारी बसला होता, पण त्याच्या पाठीवरचे दोन स्क्रू मला चांगले आठवतात. एकाला एरियलची तार, दुसऱ्याला अर्थची. एरियलची तार म्हणजे छपरावर दोन बांबूंमध्ये ताणलेली लांब तांब्याची तार. अर्थची तार भिंतीच्या कडेने जाऊन मागच्या मोरीपाशी जमिनीत पुरलेल्या नळीला बांधलेली. मोरीच का? तिथले पाणी बारा महिने मुरत असे, माती ओली राहत असे. अब्बा सांगायचे की आभाळ भरून आले की दादा सगळ्यात आधी उठत. ढग अजून लांब असतानाच एरियलची तार रेडिओतून काढत आणि अर्थच्या तारेला जोडून ठेवत. म्हणजे छपरावरची तार थेट जमिनीला, रेडिओ बाजूला.

दादा फक्त चौथी शिकलेले. त्यांनी फ्रँकलिन वाचला नव्हता. मग हे त्यांना कोणी शिकवले? मला वाटते, रेडिओनेच. त्या जुन्या रेडिओला अर्थ जोडला नाही तर आवाज खरखरत असे, दूरचे केंद्र लागत नसे. गाणी आणि बातम्या नीट ऐकू याव्यात म्हणून लोक झक मारत अर्थिंग करत. सुरक्षितता त्यासोबत फुकट मिळत होती.

पुढे ट्रान्झिस्टर आला आणि छपरावरची तार गेली. मग टीव्ही आला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, पण मराठवाड्याला चित्र दिसायला बराच काळ गेला. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांना थेट टीव्ही दाखवण्याचा 'साइट' नावाचा मोठा प्रयोग झाला. त्यात आमच्या शेजारचे गुलबर्गा, विजापूर, रायचूर हे जिल्हे होते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीपासून बनवलेल्या, सुमारे तीन मीटर रुंदीच्या छत्र्या तिथल्या गावांत बसवल्या होत्या. खेड्यात उभी राहिलेली उपग्रहाची छत्री ती पहिलीच. आपण त्या यादीत नव्हतो. आमच्याकडे पुढे अँटेना आले. वीस-वीस फुटी लोखंडी नळ, वर ॲल्युमिनियमच्या काड्या, तोंड अंबाजोगाईच्या टॉवरकडे. १९९१-९२ नंतर केबलवाल्यांच्या मोठ्या छत्र्या आल्या. २००१ मध्ये ईटीव्ही उर्दू आले तेव्हा मोहल्ल्यात केबल नसलेले घर शोधावे लागे. २००३-०४ पासून घरोघरी छोटी डिश बसू लागली. २००६ मध्ये दूरदर्शनची उर्दू वाहिनी सुरू झाली आणि ती पाहण्यासाठी आम्हीही छतावर डिश बसवली.

या प्रवासात एक गोष्ट गुपचूप गळून पडली. टीव्हीच्या अँटेनाला आणि डिशला चित्र दाखवण्यासाठी अर्थिंग लागत नाही. जोडा अथवा न जोडा, चित्र तेच. ज्या दिवशी अर्थिंगवाचून करमणूक चालू लागली, त्या दिवशी अर्थिंग बंद झाली. उंची मात्र वाढत गेली. दादांची तार पंधरा फुटांवर होती. आमचा नळ दोन मजली घराच्या गच्चीवर.

आता माझ्या घरचा किस्सा. डिश बसवायला आलेला पोरगा ओळखीतला होता. अर्ध्या तासात गच्चीच्या कठड्याला नळ ठोकला, डिश फिरवली, सिग्नल लावला. मी विचारले, अर्थिंगचे काय? तो हसला. "सर, कंपनी डिश देती, केबल देती. अर्थिंग का कुछ नै देती." मी नंतर ओळखीच्या वायरमनला विचारले. तो म्हणाला, "डिश का काम हमारा नै, सर. मीटर से बोर्ड तक हमारा." दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते. मी बीएड झालेला माणूस. विद्युतप्रवाहाचा पाठ वर्गात शिकवलेला. मीही सोडून दिले. चित्र तर छान दिसत होते.

पुढे काही वर्षांनी मे महिन्यात असरनंतर आभाळ फिरले. अवकाळीचे दिवस होते. दादांची सवय घरात एवढीच उरली होती की विजा चमकू लागल्या की टीव्हीची तार काढायची. मी घरी नव्हतो. अम्मी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "बेटा, केबल निकाल दे." माझी मुलगी, तेव्हा अकरा वर्षांची, सेट टॉप बॉक्सच्या मागची केबल सोडवत होती. बोटे त्या पितळी स्क्रूवर असतानाच शेजारच्या वाड्यातल्या लिंबावर वीज पडली. आमच्या घरावर पडली नव्हती, तीस-चाळीस पावले लांब पडली होती. तरी आमच्या डिशच्या केबलमध्ये तिचा धक्का उतरला. बॉक्स जळाला, टीव्ही जळाला आणि मुलगी मागे फेकली गेली. उजवा हात खांद्यापर्यंत बधिर. दवाखान्यात रात्रभर ठेवले, हृदयाची पट्टी काढली. अल्लाहचे करम, सकाळपर्यंत हात ठीक झाला.

त्या रात्री बाकावर बसून मला दोन गोष्टी कळल्या. पहिली ही की आम्ही दादांची अर्धीच सवय घेतली होती. दादा तार काढत ते ढग लांब असताना, आम्ही काढत होतो वीज डोक्यावर आल्यावर. दादा काढलेली तार जमिनीला जोडत, आम्ही ती हवेत लोंबकळत सोडत होतो. दुसरी गोष्ट जास्त टोचली. रिचमनने जे केले, तेच आम्ही घरात करून ठेवले होते. कांब होती, तार होती, जमीन नव्हती. आणि त्या तारेच्या टोकाशी मी माझ्या लेकीला उभे केले होते.

पुढच्याच आठवड्यात काम करून घेतले. ते नेमके काय असते ते सांगतो, कारण बहुतेकांना 'अर्थिंग' हा शब्द माहीत असतो, काम माहीत नसते.

डिशचा किंवा अँटेनाचा लोखंडी नळ तांब्याच्या जाड तारेने जमिनीतल्या अर्थिंगला जोडायचा. घरांवरच्या अँटेनांसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे ते या तारेची जाडी किमान १६ चौरस मिलिमीटर सांगते. घरातल्या पंख्याला जाणारी तार दीड चौरस मिलिमीटरची असते, यावरून अंदाज घ्या. ही तार शक्य तेवढी सरळ आणि घराच्या बाहेरून उतरवायची. विजेचा प्रवाह क्षणार्धात वाढतो, त्याला काटकोनी वळणे मानवत नाहीत. वळणावर तो तार सोडून भिंतीत उडी मारू शकतो. केबल घरात शिरण्याआधी तिच्या बाहेरच्या जाळीचेही अर्थिंग करायचे. त्यासाठी एक छोटा पितळी ठोकळा मिळतो. केबल त्यातून जाते आणि ठोकळ्याच्या स्क्रूपासून तार अर्थिंगला.

सर्वांत जास्त चूक होते ती पुढच्या गोष्टीत. काही लोक डिशसाठी वेगळा रॉड ठोकतात आणि घराच्या विजेच्या अर्थिंगशी तो जोडतच नाहीत. हे अर्धे काम झाले. हिशेब करून पाहा. विजेच्या एका झोताचा प्रवाह साधारण ३०,००० अँपिअर धरा आणि रॉडचा जमिनीशी रोध १० ओहम. गुणाकार येतो तीन लाख व्होल्ट. त्या क्षणी डिशची बाजू तीन लाखांवर आणि विजेच्या बोर्डाची बाजू शून्याजवळ. मध्ये काय आहे? तुमचा टीव्ही, आणि कदाचित त्याला हात लावलेले मूल. दोन्ही अर्थिंग एकमेकांना जाड तारेने जोडलेले असतील तर सगळे घर एकत्र वर जाते आणि एकत्र खाली येते, मधली दरी राहत नाही. म्हणून घरात अर्थ एकच असावा, आणि सगळे त्यालाच जोडलेले असावे.

आमच्या जिल्ह्यात यात आणखी एक अडचण आहे, ती जमिनीची. गोदाकाठचे गेवराई-माजलगाव सोडले तर बालाघाटच्या डोंगररांगेवर, पाटोदा-आष्टीकडे, वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. कोरडा मुरूम आणि खडक वीज नीट घेत नाहीत. काळी माती ओली असताना चांगली घेते, पण उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात आणि रॉडभोवती पोकळी होते. आणि आपल्याकडे विजा कधी पडतात? एप्रिल-मेच्या अवकाळीत आणि मृगाच्या तोंडावर, म्हणजे जमीन वर्षातली सर्वांत कोरडी असताना. म्हणून इथे फूटभर सळई ठोकून भागत नाही. अडीच-तीन मीटर खोल नळी, भोवती मीठ-कोळसा किंवा बाजारात मिळणारी अर्थिंगची पूड, आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी. आमच्या अर्थिंगचा रोध पावसाळ्यात ४ ओहम आला होता आणि मे महिन्यात ११. पाणी घालायला लागल्यापासून तो खाली आला. दादांची मोरी मला तेव्हा कळली.

आणि एक हात जोडून सांगणे. न्यूट्रलऐवजी अर्थिंगच्या तारेवर घरातली लाईट चालवायची खोड गावोगावी आहे. तसे केले की अर्थिंगची तार आणि तिला जोडलेला डिशचा नळ, दोन्हींत करंट उतरू शकतो. गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईचा हात त्या नळाला लागतो. हे करू नका. आणि हे सगळे काम लायसनवाल्या वायरमनकडूनच करून घ्या.

एवढे करून थेट डिशवरच वीज पडली तर टीव्ही वाचेलच, असे मी म्हणत नाही. थेट पडणाऱ्या विजेसाठी पूर्ण इमारतीची वेगळी व्यवस्था लागते. पण आमच्यासारखी, शेजारी पडलेली वीज जास्त घरांना गाठते आणि तिथे हे काम उपयोगी पडते. डिश गच्चीच्या कठड्यावर न लावता छताच्या कडेपासून दोन मीटर खाली, भिंतीला लागून बसवली तर धोका आणखी कमी होतो. सिग्नल मिळत असेल तर तीच जागा बरी. आणि तार काढायची तर ढग यायच्या आधी. गडगडाट ऐकू आला की तारेला हात नाही, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप मोबाईलवर घेतले तर जवळपास कुठे विजा पडत आहेत ते कळते. आमच्या शाळेत आता प्रत्येक वर्गशिक्षकाकडे ते आहे.

देशात दरवर्षी अडीच हजारांहून जास्त माणसे विजेने मरतात. २०२२ मध्ये सरकारी नोंदीत २,८८७. त्यातली बहुतेक शेतात, झाडाखाली, गुरांमागे मरतात. त्यांच्यासाठी माझ्या डिशच्या अर्थिंगचा काही उपयोग नाही, हे मला कळते. महाराष्ट्रात मृताच्या वारसाला चार लाख रुपये मिळतात. पण घरात आणि मशिदीत माणूस छताखाली असतो, आणि तिथले मरण टाळणे आपल्या हातात असते.

मशीद म्हणालो, कारण गोष्ट तिथेच संपते. आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीचा नवा मिनार बांधून होत आला आहे. आजूबाजूच्या सगळ्या घरांपेक्षा उंच. वर लोखंडी कळस, त्याखाली लाऊडस्पीकरचे चार भोंगे, आणि भोंग्यांची तार थेट खाली ॲम्प्लिफायरला. मुअज्जिन पाच वेळा ज्या माइकसमोर उभा राहतो त्याचे दुसरे टोक परिसरातल्या सर्वांत उंच जागी आहे. सहलीहून परतल्यावर मी कमिटीच्या बैठकीत हा विषय काढला. एक बुजुर्ग म्हणाले, "मास्तर, मौत का वक्त लिखा हुआ है. तार से टलता क्या?" बैठक शांत झाली.

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. ते माझ्या वडिलांच्या वयाचे. एवढेच म्हणालो, "चाचा, उंट बांधायची रिवायत तुम्हीच आम्हाला मक्तबमध्ये शिकवली होती." ते हसले. मग मी मोबाईलवर बीदरच्या मदरशाचा फोटो दाखवला. एक मिनार उभा, दुसऱ्याच्या जागी आभाळ. सांगितले की तो बांधणाऱ्यांना उपाय माहीत नव्हता, आपल्याला माहीत आहे. वर कांब, दोन बाजूंनी दोन पट्ट्या, खाली दोन खड्डे, मशिदीच्या मीटरच्या अर्थिंगशी जोड आणि भोंग्यांच्या तारेला संरक्षण. मिनारावर जी रंगीत लाईटिंग करायची ठरली होती तिच्यापेक्षा खर्च फार जास्त नव्हता.

त्या दिवशी काही ठरले नाही. पण पुढच्या जुम्म्याला चंद्याची यादी लागली तेव्हा लाईटिंगच्या वर एक ओळ वाढलेली होती: 'मिनाराची अर्थिंग'. समोर पहिले नाव चाचांचे होते.

माझी एकच विनंती आहे. हे वाचून झाले की एकदा गच्चीवर जा. तुमच्या डिशच्या नळापासून जमिनीपर्यंत एखादी तार जाते का ते पाहा. जात नसेल तर वायरमनला बोलवा, आणि मे महिन्याच्या आत बोलवा.